घासलेले नंबर

जानेवारीतलं दाट धुकं. लखनौच्या अमौसी विमानतळाला चौधरी चरणसिंह यांचं नाव आहे, मार्च २०२४ पासून तिथे नवं टर्मिनलही आलं आहे, तरी शहरातली माणसं अजून ‘अमौसी’च म्हणतात. पुण्याच्या विमानाला उशीर असल्याचा मेसेज आला, तेव्हा मामा आणि भाची आत न जाता बाहेरच चहा घेत उभे राहिले. मामांचा भोसरीला इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे. माणसं बावीस, त्यातली चार संशोधनात. मानक नगरच्या आरडीएसओमध्ये, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेत, सिग्नलच्या पॅनेलमध्ये बसणारा एक बोर्ड मंजुरीसाठी द्यायला ते आले होते. भाची लखनौतच एका सरकारी संशोधन संस्थेत आहे. प्रयोगशाळेत तयार झालेलं तंत्र उद्योगांकडे पोचवण्याचे करार ती बघते.

मामांनी गुलाबी पिशवीतून नमुन्याचा एक बोर्ड काढून तिच्या हातात दिला. हाताच्या पंजाएवढी हिरवी पट्टी, एका कोपऱ्यात काळ्या इपॉक्सीचा घट्ट गोळा. मधल्या तीन आयसींवरचे नंबर पॉलिश पेपरने घासून काढलेले. तिने बोर्ड उजेडाकडे तिरका धरून पाहिला. एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

“कॉपी होऊ नये म्हणून,” मामा म्हणाले. “आयसी कुठला ते कळलं की सर्किट उलगडायला दोन दिवस पुरतात.”

“आणि नंबर घासले तर?”

“आठ दिवस.”

“घासले कुणी?”

मामा थोडे थांबले. “त्यानेच.”

‘तो’ म्हणजे सहा वर्षं त्यांच्याकडे असलेला इंजिनिअर. दिवाळीत बोनस घेतला आणि महिन्याची नोटीस देऊन दुसऱ्या कंपनीत गेला. पगार जवळपास दुप्पट. मामांनी त्याला कॉलेजमधून उचलला होता, सोल्डरिंगपासून शिकवला होता. तो गेल्यावर कपाट उघडलं तर बोर्डाच्या शेवटच्या आवृत्तीचा नकाशा मिळेना. फर्मवेअरच्या तीन फाइली सापडल्या, तिघींचंही नाव ‘फायनल’. कुठली खरी हे दोन आठवडे तपासूनही नक्की ठरेना.

ही गोष्ट एकट्या भोसरीची नाही. नाशिकच्या अंबडला, कोल्हापूरच्या शिरोलीला, नागपूरच्या बुटीबोरीला अशा कारखान्यांत जाऊन विचारलं तर थोड्याफार फरकाने हेच ऐकू येईल. मोठ्या कंपनीत एक माणूस गेला तर त्याच्या जागी दुसरा बसतो. चार जणांच्या संशोधन विभागातून एक गेला तर पाव विभाग जातो, आणि कधी कधी सगळाच जातो.

“मी आता वकिलाला गाठलंय,” मामा म्हणाले. “यापुढे नेमणूकपत्रातच लिहून घेणार. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं याच धंद्यात काम करायचं नाही.”

“मामा, ते कोर्टात उभं राहणार नाही.”

१८७२ च्या करार कायद्यातलं २७ वं कलम सांगतं, की कुणाला धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला भारतीय न्यायालयांनी याच कलमाखाली वारंवार नकार दिला आहे. नोकरी चालू असतानाची गोष्ट मात्र निराळी, आणि तिचा गाजलेला दाखला आपल्या कल्याणचा आहे. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीने तिथल्या टायर-कॉर्डच्या कारखान्यासाठी साठच्या दशकात युरोपातल्या कंपन्यांकडून तंत्रज्ञान आणलं. ते गुप्त ठेवायची अट होती. १९६३ मध्ये एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या कराराने घेतलं आणि काही महिने प्रशिक्षण दिलं. पुढच्याच वर्षी तो जास्त पगारावर राजस्थानात कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कराराची पाच वर्षं पुरी होईपर्यंत त्याने प्रतिस्पर्ध्याकडे तसलं काम करू नये ही अट योग्य आहे.

“बघ, म्हणजे अडवता येतं,” मामा म्हणाले.

“ठरलेल्या मुदतीपुरतं. त्या मुदतीत पगार द्यायची आणि नोकरी टिकवायची जबाबदारी तुझीही. जन्मभरासाठी नाही. प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असशील तर बॉण्ड घे. विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख भरपाई ही अट मान्य केली. ती बँकेची भरती होती, त्यामागचा खर्च त्यांनी दाखवला. तू काय दाखवणार? सोल्डरिंग शिकवल्याची पावती आहे तुझ्याकडे?”

पावती नव्हती.

मामांचा राग इथे समजून घ्यायला हवा, कारण त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. व्यापारी गुपितांसाठी भारतात वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तसा कायदा करावा असं सुचवलं आहे. तोवर गोपनीयतेचा करार आणि न्यायालयांनी वेळोवेळी मांडलेली तत्त्वं एवढ्यावरच भिस्त. कोर्टात जायचं तर नेमकं काय गुप्त होतं, ते कुणाकुणाला ठाऊक होतं आणि ते जपायला काय केलं, हे सगळं दाखवावं लागतं. बावीस माणसांच्या कारखान्याचा मालक सकाळी बँकेत, दुपारी मशीनवर आणि संध्याकाळी जीएसटीच्या कागदांत असतो. हे पुरावे तो कधी गोळा करणार?

“म्हणून तर मी पेटंटच्या नादी लागत नाही,” मामांनी मुद्दा पुढे नेला. “अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो सगळ्या जगासमोर उघडा. मोठी कंपनी वाचणार, जरा इकडेतिकडे फिरवून वेगळं करणार. मी खटला लढू का कारखाना चालवू? काळं इपॉक्सी स्वस्त पडतं.”

“सगळ्याचं पेटंट घे असं मी म्हणतच नाही. फर्मवेअरचं नुसतं प्रोग्रॅम म्हणून मिळणारही नाही, कायद्यातच वगळलंय. त्यातली तुझी तापमानाची टेबलं गुप्तच ठेव, ती बोर्ड फोडून दिसत नाहीत. पण बोर्डावर डोळ्यांना दिसतंय ते गुपित राहूच शकत नाही. इथे तू आठ दिवस राखतोयस. पेटंट वीस वर्षांचं असतं.”

“आणि खर्च?”

“उद्यम नोंदणी आहे ना तुझी? लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. मोठ्या कंपनीला ८,०००. आधी तात्पुरता अर्ज टाक, पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. वकिलाची फी वेगळी, ती लागेलच. पण तारीख तर तुझ्या नावावर पडेल.”

मामांनी चहाचा दुसरा कप मागवला.

मग त्यांनी काढलेला मुद्दा भाचीला अपेक्षित नव्हता. कानपूरच्या रस्त्याकडे हात करून ते म्हणाले, “तू कागद, कागद म्हणतेस. या रस्त्याने पुढे सरोजनी नगरला स्कूटर्स इंडिया होती. तिच्याकडे जगातले सगळे कागद होते. काय झालं?”

अमौसीत बसून बौद्धिक संपदेवर बोलताना या कारखान्याला वळसा घालून जाताच येत नाही. स्कूटर्स इंडिया ही केंद्र सरकारची कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली. इटलीच्या इनोसेन्ती कंपनीकडून तिने लॅम्ब्रेटाचा अख्खा पसारा विकत घेतला: यंत्रं, डिझाइन, कागदपत्रं, कॉपीराइट, आणि नावसुद्धा. १९७५ मध्ये उत्पादन सुरू झालं. देशात ‘विजय सुपर’, परदेशात ‘लॅम्ब्रेटा’. पुढे तीनचाकी ‘विक्रम’ आली. उत्तरेतल्या कित्येक गावांत विक्रम हे ब्रँडचं नाव न राहता त्या वाहनाचंच नाव झालं. पण दुचाकींचं उत्पादन १९९७ मध्ये थांबलं आणि जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करायला मंजुरी दिली. ब्रँडची नावं वेगळी विकायची असंही ठरलं. नंतर तिथली जमीन विजेवरच्या गाड्यांच्या कारखान्यासाठी अशोक लेलँडला मिळाली.

“आणि स्कूटर्स इंडिया निघाली त्याच सुमाराला आपल्याकडे आकुर्डीत बघ,” मामा म्हणाले. “बजाजचा इटलीच्या पियाजिओशी करार १९७१ मध्ये संपला, परवाना वाढला नाही. बजाजकडे परवाना राहिला नाही, पण माणसं राहिली. दहा वर्षं स्कूटर बनवलेली माणसं. १९७२ मध्ये चेतक आली. कागद असलेला कारखाना बंद पडला, माणसं असलेला वाढला. म्हणून मला माणूस धरून ठेवायचाय.”

“चेतकवर पियाजिओने अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत खटले भरले, ते सोडलंस. निर्यात करायला गेल्यावर कागद लागलेच.”

दोघांचंही बरोबर आहे. तरी मामांचं उदाहरण त्यांना वाटतं त्याहून जास्त भाचीच्या बाजूचं आहे. स्कूटर्स इंडियाने विकत घेतलेला नकाशा साठच्या दशकातल्या इटलीतल्या विचारांचा होता. विकत आणलेली वही जिथे संपते तिथून पुढचं पान कुणी तरी लिहावं लागतं. ते लिहिणारा अभियंता आपल्याकडे आहे का, त्याला वेळ, पैसा आणि मान मिळतो का, यावर कंपनीचं आयुष्य ठरतं.

नावाचीही एक कथा आहे. लॅम्ब्रेटा हे नाव स्कूटर्स इंडियाने युरोपात नोंदवलं होतं. ब्रँडकन्सर्न या डच कंपनीने २००७ मध्ये अर्ज केला, की पाच वर्षं या नावाचा खरा वापर झालेला नाही, तेव्हा नोंद रद्द करा. स्कूटर तर तिथे विकल्या जात नव्हत्या. लखनौच्या कंपनीने सांगितलं, आम्ही सुटे भाग विकतो. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये डच कंपनीचं अपील फेटाळलं गेलं. सुट्या भागांवरचा वापरही तपासायला हवा, हे म्हणणं टिकलं. एके काळी जगभर धावलेल्या स्कूटरचं नाव शेवटी सुट्या भागांच्या विक्रीवर तोलून धरावं लागलं.

“बरं,” मामा म्हणाले, “माणूस धरून ठेवायचा तर कसा? पगारात मी मोठ्या कंपन्यांना पुरा पडणार नाही.”

“हिस्सा दे. या बोर्डामागे एक ठरलेली रक्कम, ज्याने तो घडवला त्याला. बोर्ड विकला जाईल तोवर.”

“नोकरी सोडली तरी?”

“तरी.”

“ते मला पटत नाही. शोध त्याने लावला म्हणतेस, पण महिन्याचा पगार, ऑसिलोस्कोप, फसलेले अकरा नमुने, हे सगळं कुणाचं? तो फसला असता तर नुकसान त्याने भरलं असतं?”

ही दोघांमधली खरी खाच. भारताचा १९७० चा पेटंट कायदा नोकरदार शोधकाच्या मोबदल्याबद्दल काही बोलत नाही. जर्मनीत १९५७ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. नोकराचा शोध मालकाने घेतला की वाजवी मोबदला द्यावाच लागतो. जपानमधला निचिया कंपनीचा किस्सा प्रत्येक लहान कारखानदाराने ऐकावा असा. शिकोकू बेटावरच्या अनान गावातली ही कंपनी तेव्हा फार मोठी नव्हती. तिथल्या शुजी नाकामुरा यांनी नव्वदच्या दशकात तेजस्वी निळा एलईडी प्रत्यक्षात आणला. आज घराघरांतला पांढरा एलईडी दिवा त्याच वाटेने आला आहे. पेटंटबद्दल त्यांना बक्षीस मिळालं २०,००० येन. ते अमेरिकेत गेले आणि खटले सुरू झाले. २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीला तब्बल २० अब्ज येन द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ मध्ये नाकामुरांना इतर दोघांसह भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मामांचा प्रश्न या किस्स्यालाही लागू पडतो. निचियाच्या संस्थापकाने गावातल्या एका इंजिनिअरच्या वेडावर मोठी रक्कम लावली नसती तर निळा दिवा तिथे पेटलाच नसता. जोखीम घेणाऱ्याचा वाटा मोठा असायला हवा, यात शंका नाही. पण वाटा मोठा असणं निराळं आणि दुसऱ्याचा वाटा शून्य असणं निराळं. बक्षीस आधी ठरवून लिहून ठेवलं असतं तर दोघांची वर्षं कोर्टात गेली नसती.

“जाऊन आलास तिथलंच घे,” भाची म्हणाली. “कवच.” गाड्यांची टक्कर टाळणारी ही यंत्रणा आरडीएसओने देशी कंपन्यांना बरोबर घेऊन विकसित केली. प्रवासी गाड्यांवर चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. सुरुवातीच्या तीन पुरवठादारांत हैदराबादची कर्नेक्स होती. कोकण रेल्वेच्या टक्करविरोधी उपकरणावर ती आधीपासून काम करत होती. “कोकण रेल्वेचं ते उपकरण देशभर गेलं नाही. पण त्यावर घालवलेली वर्षं वाया गेली नाहीत, कारण ती कंपनीत टिकली. तुझी सहा वर्षं कुठे टिकली आहेत? त्याच्या डोक्यात.”

मग तिने बोर्डाचं आयुष्य विचारून घ्यायला सुरुवात केली. तिच्या संस्थेत ही रोजची सवय. तिथे पानांवर छापील क्रमांक असलेली बांधीव वही असते. संशोधक रोज लिहितो, सही करतो, दुसरा कुणी तरी वाचून सही करतो. पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, पांढरा रंग लावायचा नाही. ही वही बाजारात थोडक्या पैशांत मिळते.

“फर्मवेअर सगळं त्यानेच लिहिलं?”

“डिस्प्लेचा भाग बाहेरून करून घेतला. सांगलीच्या एका मुलाकडून. चाळीस हजार दिले, बिल आहे.”

“हक्क लिहून घेतलेस?”

“पैसे दिले म्हणजे माझंच ना?”

इथेच कित्येक लहान उद्योग अडकतात. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कोडचा कॉपीराइट मात्र, लेखी हस्तांतर नसेल तर, लिहिणाऱ्याचाच राहतो. बिल म्हणजे हस्तांतर नव्हे. हस्तांतर लिहून घेतलं पण मुदत घातली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. सांगलीच्या मुलाकडून एक पान सही करून आणायचं काम आता, संबंध चांगले आहेत तोवर, सोपं आहे.

“माहितीपत्रक वाटलंस कुठे? प्रदर्शनात ठेवलास?”

“पुढच्या महिन्यात मुंबईला ठेवणार आहे. आरडीएसओला मात्र सगळं दिलंय. गेलं का हातातून?”

“नाही. सरकारला तपासणीसाठी दिलं म्हणून नावीन्य जात नाही, पेटंट कायद्याचं ३० वं कलम आहे तसं. पण मुंबईला वाटलंस की अडचण. त्याआधी अर्ज टाक.”

मामांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मग म्हणाले, “अर्ज कंपनीच्या नावाने ना?”

“शोधक कोण?”

मामा गप्प झाले.

पेटंट कायद्यात अर्ज करण्याचा पहिला अधिकार खऱ्या आणि पहिल्या शोधकाचा आहे, किंवा ज्याला त्याने हक्क दिला त्याचा. केवळ पगार दिला म्हणून मालक आपोआप शोधकाच्या जागी येत नाही. नेमणूकपत्रात हक्क हस्तांतराची ओळ हवी, नाहीतर शोधकाची सही हवी, आणि हा हक्काचा पुरावा अर्जानंतर सहा महिन्यांत द्यावा लागतो. मामांच्या नेमणूकपत्रात पगार होता, सुट्ट्या होत्या, महिन्याची नोटीस होती. ती एक ओळ नव्हती.

“म्हणजे मी त्याला फोन करायचा?” मामांचा आवाज चढला. “जो मला सोडून गेला त्याला?”

“त्याने तुझं काही चोरलं असं तुला कळलंय का, मामा? कुठे दिसलाय हा बोर्ड?”

दिसला नव्हता. तो गेला ती कंपनी गाड्यांच्या बॅटरीत होती, रेल्वेच्या कामात नव्हतीच. दिवाळीपासूनच्या रागात मामांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

धुकं विरळ होऊ लागलं होतं. मामांनी बोर्ड पिशवीत घातला, पिशवी बॅगेत ठेवली आणि फोन घेऊन थोडे बाजूला गेले. बोलणं बराच वेळ चाललं. पहिली काही मिनिटं त्यांचे हातवारे दिसत होते, नंतर ते नुसते ऐकत उभे होते. परत आले तेव्हा त्यांनी सांगितलं, तो सही करायला तयार आहे. ‘फायनल’ नावाच्या तीन फाइलींपैकी दुसरी खरी, आणि तिच्यात अजून एक चूक आहे, तीही त्याने सांगितली. पैशांबद्दल तो काही बोलला नाही. एवढंच विचारलं, की अर्जावर त्याचं नाव येईल का.

“शोधकाचं नाव कायद्यानेच लिहावं लागतं,” भाची म्हणाली.